घशाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही लस: चार प्रकारांची घ्यावी की नऊ?

ताईचा मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी दहाची. डॉक्टरांनी एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूवरची लस सुचवली आणि दोन नावं सांगितली: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक किंवा परदेशी गार्डासिल ९. किमतीत पाचपट फरक. त्यात तिची मुख्य शंका वेगळीच होती, "ही तर बायकांच्या कर्करोगाची लस ना? मग मुलाला कशाला टोचायची?"

आधी तेच बघू. हा विषाणू गर्भाशयमुखात जसा मुक्काम करतो, तसाच टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या मुळाशीही. संसर्ग बहुतेकांचा आपोआप जातो. काहींचा मात्र तिथेच राहतो आणि पुढे कित्येक वर्षांनी कर्करोग होतो. अमेरिकेत आज एचपीव्हीमुळे होणारा घशाचा कर्करोग गर्भाशयमुखाच्या कर्करोगापेक्षा जास्त आढळतो, आणि त्यातले बहुतेक रुग्ण पुरुष असतात. शिवाय गर्भाशयमुखासाठी पॅपची, म्हणजे तिथल्या पेशींची तपासणी आहे, आजार होण्याआधीच धोका कळतो. घशासाठी अशी कुठलीही नेहमीची चाचणी नाही. म्हणून मुलाच्या बाबतीत लसीचं मोल मला उलट जास्तच वाटतं.

पण आपल्याकडचं चित्र अमेरिकेसारखं नाही. गालाच्या आतला, हिरडीचा जो कर्करोग इथे घरोघरी ऐकू येतो, तो मुख्यतः तंबाखू, मावा, गुटखा आणि सुपारीचा. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणे!) त्या कर्करोगापुढे दोन्ही लशी सारख्याच निरुपयोगी. एचपीव्हीचा घशाचा कर्करोग मात्र घशाच्या इतर कर्करोगांपेक्षा उपचारांना जास्त चांगली दाद देतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनंतर एचपीव्ही असलेले ८२ टक्के रुग्ण हयात होते, नसलेले ५७ टक्के. तंबाखू ओढणाऱ्यांमध्ये मात्र हा फायदा घटलेला दिसला.

आता लशी. सर्व्हाव्हॅक विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. गार्डासिल ९ मध्ये हे चार आहेतच, शिवाय ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८. सगळी मेख इथे आहे. एचपीव्हीमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगात सुमारे नव्वद टक्के वाटा एकट्या १६ नंबरचा, आणि तो दोन्ही लशींत आहे. म्हणजे घशापुरतं बोलायचं तर जास्तीच्या पाच प्रकारांसाठी मोजलेल्या पैशांतून हाती फार थोडं लागतं.

गर्भाशयमुखाचा हिशोब वेगळा. तिथे १६ आणि १८ मिळून साधारण ७० टक्के कर्करोगांना कारण ठरतात, नऊ प्रकारांची लस हा आकडा ९० टक्क्यांच्या आसपास नेते. मुलीसाठी तो फरक खरा आहे.

अनुभवात गार्डासिलचं पारडं जड. मूळ चार प्रकारांची गार्डासिल २००६ पासून वापरात आहे, नऊ प्रकारांची २०१४ पासून. सर्व्हाव्हॅकला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, तीही मुलगे आणि मुली दोघांसाठी, ९ ते २६ वयात. तिच्या चाचण्यांत प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं) जुन्या गार्डासिलपेक्षा कमी पडली नाहीत, पण दीर्घकाळाचा हिशोब अजून हाती यायचा आहे. आणि घशाच्या बाबतीत गार्डासिल ९ चा पुरावाही थेट नाही बरं का. अमेरिकेने २०२० मध्ये घशाच्या कर्करोगासाठी तिला मान्यता दिली ती इतर अवयवांवरच्या परिणामावरून. घशात कर्करोगाच्या आधीची अवस्था सहजी सापडत नाही, त्यामुळे तिथे मोजायचं काय, हाच प्रश्न.

सर्व्हाव्हॅकचा एक डोस साधारण दोन हजारांचा, गार्डासिल ९ चा दहा हजारांच्या वर.

ताईला मी सांगितलं, मुलाला बिनधास्त सर्व्हाव्हॅक दे. मुलीसाठी परवडत असेल तर नऊ प्रकारांची घे. हात आखडत असेल तर तिलाही सर्व्हाव्हॅकच दे, पण नऊवालीसाठी पैसे साठवत दोन-तीन वर्षं घालवू नकोस. लस संसर्ग होण्याआधी घेतली तरच पुरता उपयोग, झालेला संसर्ग ती घालवत नाही. आणि पहिला डोस पंधरावं लागायच्या आत पडला तर सहा महिन्यांच्या अंतराने दोनच डोस लागतात, त्यानंतर तीन. तिचा मुलगा तेराचा आहे, म्हणजे तिसऱ्या डोसचे पैसे वाचवायला अजून वेळ आहे.