पावसात घेतलेली दोन तिकिटं

भाऊबीजेचं ओवाळून झालं आणि मित्राचा फोन आला, गुरगावचा शो पुढं ढकलला म्हणून. तारीख २८ ऑक्टोबर २०११. मेटॅलिका हा अमेरिकन हेवी मेटल बँड भारतात पहिल्यांदाच वाजवणार होता. तिकडं चिडलेल्या लोकांनी स्टेजची मोडतोड केली आणि दुसऱ्या दिवशी शो रद्दच झाला. राहिला तो रविवारचा, ३० तारखेचा, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवरचा. आम्ही चौघं निघालो होतो. दोघांनी तिकिटं आधीच काढलेली. मी आणि माझा कोल्हापूरचा मित्र, आमची सोय अजून व्हायची होती.

गुरगावचं एवढं सविस्तर सांगतोय, कारण ज्यानं आम्हाला तिकिटं विकली त्या माणसाची थाप याच बातमीवर उभी होती. त्याचा नंबर एका ओळखीच्याच्या ओळखीतून मिळाला. फोनवर अगदी अदबीनं बोलला. त्याचे दिल्लीचे दोन मित्र गुरगाव रद्द झाल्यावर इकडं येणार होते, त्यांच्यासाठी तिकिटं घेऊन ठेवली, पण आता त्यांना विमान मिळत नाही. बातमी आम्ही स्वतः वाचली होती, त्यामुळं तो म्हणाला ते सगळं पटलं. फसवणारा माणूस नव्वद टक्के खरंच बोलतो. उरलेलं दहा टक्के आपण तपासत नाही.

शनिवारी संध्याकाळी पुण्याहून बसलो, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत रविवारी बंगळुरूला उतरलो. पाऊस होताच. मैदानाबाहेर चिखल, काळे टीशर्ट घातलेली हजारो पोरं, सगळ्यांच्या बुटांना शेरभर माती. तो माणूस ठरल्या जागी आला. छत्री आमच्या डोक्यावर धरली. खिशातून स्वतःचं तिकीट काढून हातात दिलं, "बघून घ्या" म्हणाला. जाड, गुळगुळीत कागद. ते खरंच होतं. मग आमची दोन काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वरून टेप मारलेली. "गेटपर्यंत उघडू नका, भिजलं तर आत सोडत नाहीत." आम्हाला त्यात काळजीच दिसली. दोघांचे मिळून आठ हजार रुपये रोख दिले. आमच्या मेसच्या दोन महिन्यांचे पैसे होते ते.

रांगेत तासभर गेला. पुढचे दोघं आत गेले, आमची पाळी आली. मी टेप फाडली आणि तिकीट पुढं केलं. गेटवरच्या मुलाचा अंगठा ओला होता. त्यानं तिकीट धरलं आणि अंगठ्याखालचा काळा रंग सरकला. बारकोडच्या उभ्या रेघा एकमेकींत मिसळल्या, खाली निळसर ओघळ आला. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई बऱ्याचदा पाण्यात विरघळते, छापखान्यातली सहसा विरघळत नाही. ती टेप कशासाठी होती, ते तेव्हा कळलं. मुलानं काही न बोलता आपला अंगठा मला दाखवला. मागून लोक ढकलत होते. आम्ही बाजूला झालो.

त्या माणसाचा फोन बंद. आत गेलेल्या मित्रांचा लागेना, एवढ्या गर्दीत नेटवर्क कुठलं. जवळच्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, नाव काय त्याचं? आम्हाला फक्त हाक मारायचं नाव माहीत होतं. पावती? नाही. फोटो? नाही. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा काय असणार? आत बँड सुरू झाला तेव्हा आम्ही भिंतीला टेकून उभे होतो. बास छातीत ऐकू येत होता, शब्द नाही. माझा मित्र रडला. त्या रात्रीचं मला सगळ्यांत जास्त तेच लागलंय, पैशांचं नाही.

आता कागदी तिकीट फारसं राहिलं नाही, पण थाप तीच आहे. आता क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट पाठवतात. एकच कोड पाच जणांना विकता येतो. गेटवर जो आधी पोचतो तो आत, बाकीच्यांना मशीन "वापरलेलं" म्हणून परत पाठवतं. म्हणजे स्क्रीनशॉट खरा असला तरी तुमचं तिकीट खरं असेलच असं नाही. जिथून तिकीट काढलंय त्याच ॲपमधून तुमच्या नावावर फिरवून मागा, तशी सोय नसेल तर घेऊच नका. नमुना म्हणून एक खरं तिकीट दाखवलं तर हुरळू नका, तुमच्या हातात पडणारं तपासा. पाऊस, गर्दी, "अजून दोघं मागतायत", ही घाई तुमच्यावर लादलेली असते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. चॅट पुसू नका. नंबर, यूपीआय आयडी, व्यवहाराचा क्रमांक, सगळं जपून ठेवा. लाज वाटून गप्प बसू नका, आम्ही हवालदारांशी बोलून नंतर गप्प बसलो आणि तो माणूस त्या रात्री आणखी किती जणांना भेटला असेल कोण जाणे.

गेल्या वर्षी भाचीला असंच एका कार्यक्रमाचं तिकीट कुणीतरी देऊ केलं. तिनं मला स्क्रीनशॉट दाखवला. मी म्हटलं, त्याला फक्त एवढंच विचार, ॲपमधून माझ्या नावावर करून देता का. तिनं विचारलं. दोन निळ्या टिका आल्या, आणि मिनिटाभरात त्याचा डीपी दिसेनासा झाला.