फोंड्यातली संध्याकाळची बास्केटबॉल बॅच, फ्री थ्रो शिकायचा तर नक्की जा
मुलीला दोन महिने पाठवतेय. आधी ती नुसत्या दंडाच्या जोरावर बॉल फेकायची, फ्री थ्रोच्या, म्हणजे कोणी न अडवता बॉल टाकायच्या, 4.6 मीटरच्या लाइनवरून रिंगपर्यंत पोचायचाच नाही. सरांनी पहिला आठवडा रिंगकडे टाकूच दिला नाही, फक्त गुडघे वाकवून जोर पायातून वर आणायचा, कोपर रिंगच्या रेषेत, डावा हात नुसता आधाराला आणि शेवटी मनगट सैल सोडायचं, मला तर वाटलं फी फुकट गेली. पण आता बॉल मस्त कमानीत जातो, आणि सपाट आलेल्या बॉलला 45 सेंटीमीटरची रिंग अरुंद पडते, वरून उतरला की जागा मिळते, हे तीच मला समजावते! कोर्ट उघडं आहे, पावसात बॅच बुडते, तेवढं आधी विचारून घ्या.