आठवडी बाजारातला गावरान कोंबडा: परसात घ्यावा की नको?

खरेदी: वाईच्या बाजारातून, ९०० रुपये. माझ्याकडून पाचपैकी चार तारे.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे आधी सांगते, कारण विचारायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात तेच असतं. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, वयात आली की कोंबडा असो नसो, अंडी देतेच. कोंबडा लागतो पिल्लांसाठी. म्हणून घेण्याआधी बघायचं ते एवढंच, की आपल्याकडे खुडूक होणारी, म्हणजे अंडी उबवायला बसणारी, कोंबडी आहे का. माझ्या आठही गावरान आहेत आणि त्यातल्या दोघी हटकून रवणीला बसतात, म्हणून मी घेतला. तुमच्याकडे गिरिराजा, वनराजा अशा जातींच्या कोंबड्या असतील तर पैसे वाचवा. त्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि संकरित असल्यानं त्यांचा गुण पिल्लांत जसाच्या तसा उतरत नाही. तिथं नवी पिल्लं विकत आणलेलीच परवडतात.

विकणाऱ्या मावशी माणूस म्हणून चांगल्या. डालग्यातून काढून हातात दिला, "पंख उचलून बघ की गं, ऊ दिसली तर घेऊ नको," म्हणाल्या. मी तुरा, डोळे, नाकपुड्या बघितल्या, पायाचे खवले गुळगुळीत आहेत का बघितलं, छातीला कान लावून घरघर नाही ना ऐकलं. सगळं ठीक होतं. पण मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस दिलीय का, याचं धड उत्तर मिळालं नाही. एक तारा तिथं गेला. असा पक्षी थेट खुराड्यात सोडायचा नाही. मी दोन आठवडे गोठ्यात वेगळा ठेवला. लसीची बाटली शंभरेक पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे आळीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी टोचून घेतली. तेच स्वस्तात पडतं.

आता पक्ष्याविषयी. दाणे टाकले की हा आधी खात नाही. चोचीत दाणा उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, आणि घशातून भरभर कुक्-कुक् करून कोंबड्यांना बोलावतो. त्या येऊन टिपतात, मग हा. घार दिसली की आवाज एकदम बदलतो, आणि बघता बघता सगळ्या जास्वंदीखाली गप्प. पूर्वी घारीनं माझी पिल्लं उचललीत, त्यामुळे मला याचं फार मोल वाटतं. रात्रीच्या रानमांजरापुढं मात्र त्याचं काही चालत नाही. खुराड्याचं दार आपणच लावायचं.

कळपात सोडल्यावर दहाएक दिवसांनंतरची अंडी रवणीसाठी धरली. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून बघितलं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं ती ठेवली, कोरी काढून टाकली. अकरातली नऊ फुटली, एकविसाव्या दिवशी.

त्रासही आहे. पहाटे चारपासून आरवतो. भिंतीला भिंत लागून घरं असतील तर शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय आणूच नका. ठरावीक कोंबड्यांवर चढून त्यांच्या पाठीची पिसं जातात. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या तरी हव्यात; तीन-चारच असतील तर त्यांचे हाल होतात. पायामागचा काटा टोकदार असतो, म्हणून लहान मुलांना एकटं सोडू नये.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. आमच्याकडून अंडी नेणाऱ्या एक काकू कोंबडा आल्यापासून नेत नाहीत. बिनकोंबड्याचं अंडं त्यांना चालायचं, हे चालत नाही. चवीत, पोषणात फरक नसतो आणि रोजच्या रोज गोळा करून थंड जागी ठेवलं तर आत पिल्लू धरत नाही. पण हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. मी त्यांना आग्रह केला नाही. अंडी विकत असाल तर गिऱ्हाइकांना आधी विचारा.

याच्या लेकी अंड्यावर यायच्या आत मी कोंबडा बदलणार आहे, नाहीतर नात्यातच पैदास होऊन पिल्लं कमकुवत निघतात. जुना काढल्यावर तीन आठवडे रवण घालायची नाही, कारण तोवरची अंडी जुन्याचीच फळलेली असू शकतात.