जुन्या ट्रकची पुढची काच बदलताय? आधी कोपऱ्यातला शिक्का बघा

पावसाळा तोंडावर आला की जुन्या गाड्यांच्या काचांची कामं निघतात, म्हणून हे आत्ताच लिहितोय. गेल्या वर्षी सोलापुरात हैदराबाद रोडवरच्या एका दुकानदाराने एकाच कामात मला दोन ठिकाणी लुबाडलं. काचेतही आणि रबरातही.

माझी गाडी टाटा 1613. या जुन्या केबिनची काच चिकटवलेली नसते, रबरात बसवलेली असते. रबराच्या एका खाचेत काच आणि दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड. आपल्याकडचं ऊन असं की रबर कडक होतं आणि कोपऱ्यात चिरतं. काचेला तडा गेला तेव्हा रबरही नवंच घालायचं ठरलं. दुकानदाराने पाकिटातलं नवं रबर माझ्या हातात दिलं, लॅमिनेटेड काच दाखवली, भाव ठरला. "मालक, तुम्ही मार्केट यार्डातली कामं उरकून या, संध्याकाळी गाडी घेऊन जा." संध्याकाळी गाडी तयार होती. रबर काळंभोर, काच लख्ख, आणि खालच्या कोपऱ्यात 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न'चं स्टिकर त्याने आपणहून लावलेलं.

पहिल्या मोठ्या पावसात गाडी कांदा भरून हैदराबादला निघाली होती. नळदुर्ग सोडल्यावर ड्रायव्हरमामांचा फोन आला. वरच्या कोपऱ्यातून पाण्याची धार थेट डॅशबोर्डवर, फ्यूज उडालेला, वायपर बंद. रात्री पावसात वायपरशिवाय भरलेली गाडी कोण चालवणार? मामांनी ती ढाब्यावर लावली आणि सकाळपर्यंत थांबले. माल उशिरा पोचला, भाव पडून मिळाला.

गाडी परत आल्यावर दुसऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी रबराच्या कडेवरून रॉकेलचा बोळा फिरवला, तर काळं पॉलिश निघालं आणि खाली भगव्या रंगाचे बारीक शिंतोडे दिसले. काही वर्षांपूर्वी केबिन रंगवताना पेंटरकडून उडालेला तोच रंग. म्हणजे रबर माझंच जुनं! कोपऱ्यातल्या चिरांमध्ये सिलिकॉन भरलेलं. तेही आंबट वासाचं, जे सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. खालची कड आत्ताच तांबूस झाली होती.

मग त्यांनी ते स्टिकर सोलायला सांगितलं. देवाच्या नावाखाली काचेचा प्रकार सांगणारा कारखान्याचा शिक्का झाकला होता. काच टफन केलेली, लॅमिनेटेड नव्हेच. हा फरक पैशापुरता नाही. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, दगड लागला तर तडा जातो पण काच जागेवर राहते. टफन काच एका फटक्यात दाणेदार फुटते आणि समोरचं काही दिसत नाही. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 100 प्रमाणे पुढे लॅमिनेटेड काच लागते. मामांच्या जिवाशी खेळ केला त्या माणसाने, याचा संताप मला पैशापेक्षा जास्त आहे.

जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "तुम्हीच स्वस्तात करा म्हणालात." बिलावर नुसतं 'काच फिटिंग' लिहिलेलं.

तुम्ही बिलावर 'लॅमिनेटेड काच' आणि 'नवीन रबर' असं वेगवेगळं लिहून घ्या. काच बसायच्या आधी तिच्या कडेला डोळा लावा, लॅमिनेटेड असेल तर दोन थर आणि मधली रेघ दिसते. शिक्क्यात आयएस 2553 (सुरक्षा काचेचं भारतीय मानक) आणि काचेचा प्रकार वाचा, त्यावर कुणाला काही चिकटवू देऊ नका. काम चालू असताना तिथेच थांबा. नव्या रबराच्या खाचेत दोरी घालतात, साबणाचं पाणी लावतात, बाहेरून एकजण काच दाबतो आणि आतून दुसरा दोरी ओढत रबराची ओठी पत्र्यावर चढवतो. त्याआधी कडेचा गंज घासून प्रायमर मारला का, तेही बघा. जुनं रबर कापून स्वतःकडे ठेवा. पैसे द्यायच्या आधी वरच्या कोपऱ्यांवर पाइपने भरपूर पाणी मारा आणि स्वतः केबिनमध्ये बसून बघा.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. ते रबर आणि काढलेली काच, दोन्ही पुरावा म्हणून जपून ठेवलंय.