गोव्यातील चित्रीकरणस्थळांची एक दिवसाची सहल: लोटलीसाठी जरूर जावे

पणजीतील एका लहान सहल-संस्थेने गोव्यातील जुन्या वस्त्या आणि टेकड्यांवरून फिरवत चित्रपटांची चित्रीकरणस्थळे दाखवणारी एक दिवसाची सहल सुरू केली आहे. सकाळी आठ वाजता कदंब बसस्थानकाजवळून निघायचे, फोंताइन्हास ही पणजीतली जुनी वस्ती आणि आल्तिनोची टेकडी पायी पाहायची, मग साष्टी तालुक्यातील लोटली हे गाव, दुपारनंतर दोनापावला आणि सूर्यास्ताला शापोऱ्याचा किल्ला, असा तिचा क्रम आहे. माणशी अडीच हजार रुपये घेतात; त्यात दुपारचे जेवण, पाणी आणि मार्गदर्शकाची फी येते. पावसाळा सरल्यावर मी सासूबाईंना घेऊन या सहलीला गेले. आम्ही फोंड्याच्या, त्यामुळे यातले एकही ठिकाण आमच्यासाठी नवे नव्हते. घरच्या माणसाने एवढे पैसे मोजून आपलेच गाव पाहायला जावे का, हे तपासणे हाच आमच्या जाण्यामागचा हेतू होता. लोटलीत जे ऐकायला आणि पाहायला मिळाले त्यासाठी जरूर जावे, असे मी म्हणेन. मात्र दिवसाची आखणी संस्थेने नव्याने करायला हवी.

गाडी दहा-बारा जणांची, स्वच्छ आणि वेळेवर होती. मार्गदर्शक तिशीतला, बार्देशातला तरुण. सुरुवातीला तो हिंदी आणि इंग्रजीतूनच बोलत होता, पण गाडीतले निम्मे लोक मराठी आहेत हे कळल्यावर त्याने आपण होऊन मराठीत सांगायला सुरुवात केली, आणि त्याची मराठी आमच्या फोंड्याच्या मराठीइतकीच घरगुती आणि नेटकी निघाली. नावनोंदणी करतानाच भाषेची विचारणा झाली असती तर पहिला तासही असाच गेला असता.

फोंताइन्हासमधील पायी फेरी मला आवडली, आणि ती मुख्यतः मार्गदर्शकाच्या वागण्यामुळे. या वाड्याचे हल्ली काय झाले आहे ते गोव्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींपुढे लग्नाआधीची छायाचित्रे, जाहिराती, गाण्यांच्या चित्रफिती यांचे काम दिवसभर चालू असते. लोकांच्या पायऱ्यांवर कपड्यांच्या बॅगा पडलेल्या असतात आणि अनेक घरांनी दारावर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या आहेत. आमच्या मार्गदर्शकाने गल्लीच्या तोंडाशीच सर्वांना थांबवून तीन गोष्टी बजावल्या: आवाज खाली ठेवा, कोणाच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसू नका, आणि खिडकीत माणूस दिसले तर कॅमेरा खाली घ्या. पुढे एका खिडकीत एक आजी दिसताच त्याने आधी ‘देव बरो दीस दिवं’ म्हणून त्यांची विचारपूस केली, आणि मगच आम्हाला घेऊन पुढे निघाला. आजींनीही मान हलवून आम्हाला वाट दिली. माणसांच्या राहत्या घरांतून पैसे घेऊन सहल न्यायची असेल, तर ती अशीच न्यायला हवी.

ही वस्ती कॅमेऱ्याला इतकी का भावते, हेही त्याने तिथेच उभे करून दाखवले. आल्तिनोच्या पायथ्याशी, मळा या भागाच्या बाजूने ही वस्ती वसली असल्यामुळे गल्ल्या अरुंद आहेत, वळणे जवळजवळ आहेत आणि टेकडीमुळे मागची बाजू बंद होते. साहजिकच कॅमेरा कुठेही लावला तरी चौकटीत आजूबाजूची नवी पणजी येत नाही. थोड्याशा जागेत अख्खे जुने शहर उभे करता येते. दुपारचे डोक्यावरचे ऊन गल्लीत पोचले की भिंतींचे रंग फिके पडतात, म्हणून चित्रीकरणवाले सकाळी लवकर येतात, हे त्याने सांगितले आणि नऊच्या उन्हात आम्हाला ते पटलेही. आल्तिनोवर मात्र आम्ही चढलो आणि उतरलो, एवढेच. तिथे सांगण्यासारखे त्याच्याकडे फारसे नव्हते. खाली जुन्या गोवा मेडिकल कॉलेजची इमारत आहे. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो आणि त्याची सारी लगबग त्या आवारात असते. चित्रपटांच्या सहलीत त्या इमारतीपुढे पाच मिनिटेही थांबू नये, याचे मला नवल वाटले.

झुआरीचा नवा पूल ओलांडून कुठ्ठाळी, वेर्णेमार्गे आम्ही लोटलीला पोचलो. श्याम बेनेगल यांनी १९८५ च्या ‘त्रिकाल’ या चित्रपटाचे चित्रीकरण इथे, व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या वडिलोपार्जित घरात केले. इतर ठिकाणी जागा चित्रपटाची पार्श्वभूमी असते. इथे घरच चित्रपट आहे. काळ १९६१ चा, पोर्तुगीज सत्ता जायच्या बेतात आहे, घरचा कर्ता पुरुष वारला आहे आणि त्याची पत्नी दोना मारिया, म्हणजे लीला नायडू, ते मरण मान्य करायला तयार नाही. ती नवऱ्याच्या आत्म्याला बोलावते आणि नवऱ्याऐवजी सत्तरीच्या राणे घराण्याच्या बंडातील माणूस समोर येऊन उभा राहतो. १८५२ च्या दीपाजी राण्यांच्या उठावापासून सत्तरीच्या राण्यांनी पोर्तुगिजांना किती वेळा जेरीस आणले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण साष्टीतल्या एका ख्रिस्ती जमीनदार घराच्या दिवाणखान्यात तो इतिहास भूत होऊन शिरतो, ही कल्पना किती धाडसी आहे, हे मला त्या फाटकापाशी उभे राहून ऐकताना प्रथमच नीट उमगले. मार्गदर्शकाने हा भाग फार तन्मयतेने सांगितला. बेनेगल यांना या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे सांगायलाही तो विसरला नाही.

फाटकापाशी, असे मी म्हटले, कारण आत जाता येत नाही. घर खासगी आहे आणि तिथे कोणी आगंतुकपणे शिरू नये, हे योग्यच आहे. माझी तक्रार घराबद्दल नाही, संस्थेच्या जाहिरातीबद्दल आहे. तीत ‘त्रिकालच्या वाड्याला भेट’ असे शब्द आहेत, आणि ते वाचणारा कोणीही आत प्रवेश मिळेल असेच समजेल. गाडीत पुण्याहून आलेले एक जोडपे केवळ त्यासाठी आले होते आणि त्यांचा विरस झालेला स्पष्ट दिसत होता. ‘वाडा बाहेरून पाहणे’ एवढे दोन शब्द बदलले तरी हा प्रश्न सुटेल.

ही उणीव संस्थेने एका परीने भरून काढली आहे. जवळच्याच एका जुन्या घराच्या मालकांशी तिची बोलणी झालेली आहेत आणि तिथे आम्हाला आत घेतले. या घरात आम्ही पाहिलेली एक गोष्ट मी तपशिलाने सांगते, कारण मला वाटते की सहलीचे पैसे तिथे वसूल झाले. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात, हे आपण सगळे जाणतो. मालकांनी दिवाणखान्याची दारे लोटून घेतली आणि खिडकीचे एकच पान बंद ठेवून बाकीची झाकली. खोलीत उजेड होता, पण त्याला धार नव्हती. जमिनीवर कुठेही खिडकीची कडक सावली पडलेली नव्हती. मार्गदर्शकाने सासूबाईंना बाहेरच्या बाजूने शिंपल्यांमागे हात धरायला सांगितला. आतून बोटे मोजता येत होती, पण त्यांच्या कडा दुधात बुडाल्यासारख्या विरघळल्या होत्या. मग त्याने टॅबवर चित्रपटातले दिवाणखान्याचे एक दृश्य आवाज बंद करून दाखवले. छायाचित्रणकार अशोक मेहता यांनी रात्रीची दृश्ये मेणबत्त्यांच्या आणि दिव्यांच्या उजेडावर टिपली. उंच छत, काळपट लाकडी सामान आणि जाड चिऱ्याच्या भिंती असलेल्या खोलीत तो उजेड चेहऱ्यापलीकडे फार जात नाही आणि माणसे अंधारातून वर आल्यासारखी दिसतात. घर आधी पाहिले आणि दृश्य नंतर, त्यामुळे हे सांगावे लागले नाही, ते दिसले. हा क्रम ज्याने ठरवला त्याचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

इतक्या उत्तम ठिकाणी आम्हाला मिळाला जेमतेम तासभर. चर्चसमोरचा चौक आणि त्याभोवतालची घरे गाडीच्या खिडकीतूनच मागे गेली. त्यानंतर महामार्गावरच्या एका उपाहारगृहात ताट येण्यासाठी आम्ही जवळजवळ तितकाच वेळ बसून राहिलो. जेवण बरे होते. सुंगटांचे हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, आणि सोलकढी ताजी होती, शाकाहाऱ्यांसाठी मात्र पनीरशिवाय काही नव्हते. गोव्यात मुगागाठी किंवा खतखते असे घरोघरचे शाकाहारी पदार्थ मिळू नयेत, हे पटत नाही. जेवण आधी सांगून ठेवले असते तर तो वेळ लोटलीला देता आला असता.

दोनापावला हा सासूबाईंचा मुक्काम. ‘एक दूजे के लिए’ १९८१ मध्ये आला तेव्हा त्या कॉलेजात होत्या आणि त्या काळात गोव्यात येणारा प्रत्येक पाहुणा आधी दोनापावलाला न्या म्हणायचा, अशी त्यांची आठवण. के. बालचंदर यांनी आपल्याच ‘मरो चरित्र’ या १९७८ च्या तेलुगू चित्रपटावरून हा हिंदी चित्रपट केला. मूळ कथा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर घडते. हिंदीत ती गोव्यात आणली. ही माहिती मार्गदर्शकाने दिली आणि ती मला मोलाची वाटली, कारण समुद्र, खडक आणि धक्का एवढे मिळाले की एका किनाऱ्याची गोष्ट दुसऱ्या किनाऱ्यावर कशी रुजते, ते त्या जागी उभे राहून लगेच कळते.

इथे त्याने आणखी एक चांगले काम केले. दोना पावला नावाच्या प्रेमिकेने कड्यावरून उडी घेतली आणि तिथला पांढरा पुतळा त्या प्रेमी युगुलाचा आहे, ही कथा रोज शेकडो पर्यटकांना सांगितली जाते. तो पुतळा बॅरोनेस यर्सा फॉन लाइस्टनर या शिल्पकर्तीने १९६९ मध्ये घडवला, त्याचे नाव ‘भारताची प्रतिमा’ असे आहे, आणि त्याचा कोणत्याही प्रेमकथेशी संबंध नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले. कड्यावरच्या उडीलाही त्याने दंतकथा म्हणूनच बाजूला ठेवले. पर्यटकांना आवडणारी खोटी गोष्ट न सांगण्याचे धैर्य या धंद्यात सहसा दिसत नाही. २०११ च्या ‘सिंघम’मुळे या धक्क्यावर येणाऱ्यांची एक नवी पिढी तयार झाली आहे; आमच्या गाडीतली मुले त्यासाठीच उतरली होती आणि त्यांचे समाधान दहा मिनिटांत झाले.

तिथून शापोऱ्याकडे जाताना मांडवी ओलांडल्यावर नेरूलच्या बाजूने गाडी नेली. २००४ च्या ‘द बॉर्न सुप्रीमसी’ या हॉलिवूडपटातल्या सुरुवातीच्या पाठलागात गाडी पुलावरून पाण्यात कोसळते, ती इथे. वाहतुकीमुळे थांबता आले नाही, आणि चालत्या गाडीतून दाखवलेल्या पुलाचे कोणालाच काही वाटले नाही. हा टप्पा काढून टाकावा.

शापोऱ्याला पोचेपर्यंत सूर्य बराच खाली आला होता. ‘दिल चाहता है’मधले तीन मित्र ज्या तटावर बसून समुद्राकडे पाहतात तो तट हाच, आणि २००१ पासून देशभरातून तरुण मुले तशीच तिघा-तिघांत बसून छायाचित्र काढायला येतात. संध्याकाळी तिथे इतकी गर्दी असते की तटापर्यंत पोचायला रांग लावावी लागते. वागातोरच्या बाजूने चढण फार लांब नाही, पण सुट्या चिऱ्याच्या खड्यांवरून पाय सटकतो. सासूबाई अर्ध्यावरून परतल्या आणि गाडीत बसून राहिल्या. चढणीविषयी एक शब्दही जाहिरातीत नाही. ज्येष्ठांना घेऊन येणाऱ्यांना हे आधी कळलेच पाहिजे.

मला याहून जास्त खटकले ते मार्गदर्शकाचे इथले मौन. दिवसभर इतके नेमके बोलणारा हा तरुण किल्ल्यावर फक्त चित्रपटाबद्दल बोलला. पोर्तुगिजांनी १७१७ मध्ये नव्याने बांधलेला हा किल्ला १७३९ मध्ये मराठी फौजांनी घेतला आणि १७४१ मध्ये तो पुन्हा पोर्तुगिजांकडे गेला. नदीच्या मुखावर, पलीकडच्या मोरजीपर्यंत नजर ठेवता येते म्हणून तो इथे आहे. आणि ज्या मोकळ्या दृश्यासाठी दिग्दर्शक फरहान अख्तर यांनी ही जागा निवडली असेल, तेच दृश्य गडकऱ्याला पहाऱ्यासाठी हवे होते. लोटलीत घर आणि चित्रपट यांचा जो धागा त्याने जोडून दाखवला, तसाच धागा इथे हाताशी तयार होता.

गोव्याच्या स्वतःच्या चित्रपटांचा तर दिवसभरात उल्लेखच झाला नाही. ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोंकणी चित्रपट १९५० मध्ये आला. १९६६ च्या ‘निर्मोण’वरून तर हिंदीत ‘तकदीर’ निघाला. बाहेरून येणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल आठ-दहा तास ऐकायचे आणि इथल्या माणसांनी काय केले ते ऐकायचेच नाही, हे मला गोमंतकीय म्हणून सलले. परतीच्या प्रवासात मी हे मार्गदर्शकाला सांगितले. त्याने ते मनावर घेतले, वहीत नावेही लिहून घेतली.

शापोरा पहाटे गर्दी नसताना करून मग दक्षिणेकडे निघावे आणि दुपारनंतरचा सगळा वेळ लोटलीला ठेवावा, अशी सूचना मी संस्थेला लेखी पाठवली आहे. तोवर जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळावा, नावनोंदणी करतानाच मराठीतून माहिती हवी असे सांगावे, शाकाहारी जेवण आधी ठरवून घ्यावे, आणि किल्ला चढू न शकणारे कोणी बरोबर असेल तर त्यांना दोनापावलाहून थेट पणजीला सोडाल का, हे विचारून घ्यावे. आम्ही विचारले तेव्हा उशीर झाला होता, पण आधी सांगितले असते तर गाडीची सोय केली असती, असे मार्गदर्शक म्हणाला.