आधी कोण पाहावी: लिया द पुत्ती की विल्मा बांकी?

हंगेरीतून बाहेर पडून परदेशी पडद्यावर नाव कमावलेल्या मूकपटांच्या काळातल्या नायिका पाहायच्या ठरवल्या, तर यादी लांबत जाते. 1919 च्या राजकीय उलथापालथीनंतर बुडापेस्टमधली बरीच चित्रपट मंडळी व्हिएन्ना आणि बर्लिनला गेली, त्यांत या बायकाही होत्या. सुरुवातीला दोघीच निवडा. मारिया कोर्डा नंतर पाहता येईल. हॉलिवूडमध्ये तिने 1927 साली साकारलेल्या ट्रॉयच्या हेलनचा चित्रपट आज पूर्ण उरलेलाच नाही.

विल्मा बांकी पाहायला सोपी. हॉलिवूडचा निर्माता सॅम्युएल गोल्डविन 1925 साली बुडापेस्टला गेला आणि तिला करारबद्ध करून अमेरिकेत घेऊन आला. मूकपटात इंग्रजी येण्याची गरज नव्हती, चेहरा बोलला की पुरे. नायक रोनाल्ड कोलमनबरोबर तिने 5 चित्रपट केले. त्यांतला पहिला, ‘द डार्क एंजल’, हरवला आहे. तेव्हाचा लाडका नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनोबरोबरचे ‘द ईगल’ आणि ‘द सन ऑफ द शेख’ मात्र आहेत. दुसरा त्याचा शेवटचा चित्रपट. मूकपट कधीच पाहिला नसेल तर ‘द ईगल’ घ्या: कथा वेगवान आहे, विनोद आजही जमतो, आणि विल्माच्या डोळ्यांतला राग हळूहळू विरघळताना दिसतो. ‘द विनिंग ऑफ बार्बरा वर्थ’मध्ये (1926) ती आई आणि मुलगी दोन्ही आहे, सोबत कोवळा गॅरी कूपर. पण तिथेही तिच्या वाट्याला बहुतेक वेळ सुंदर दिसणं आणि वाट पाहणंच येतं. गोल्डविनला तिच्याकडून तेवढंच हवं होतं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. बोलपट आल्यावर तिचे उच्चार आड आले. 1930 मध्ये ‘अ लेडी टू लव्ह’ तिने इंग्रजी आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत केला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती पडद्यावरून दूर झाली. अभिनेता रॉड ला रॉकबरोबर संसार मात्र त्याच्या मृत्यूपर्यंत टिकला. ती 1991 साली लॉस एंजेलिसमध्ये गेली.

लियाचं आयुष्य याच्या अगदी उलट गेलं. तिचं जन्मगाव तेव्हा हंगेरीत होतं, आज ते स्लोव्हाकियात आहे. ती नवरा आणि दोन मुली मागे ठेवून निघाली आणि बर्लिनमध्ये मुर्नाऊसारख्या दिग्दर्शकापर्यंत पोहोचली. 1925 चा ‘व्हारिएटे’ हा तिचा खरा चित्रपट. दिग्दर्शन ड्युपाँटचं, कॅमेरा कार्ल फ्रॉइंडचा, समोर एमिल यानिंग्ज. झोक्यावरच्या कसरतींबरोबर कॅमेराही झोके घेतो, पण माझं लक्ष तिथून हटून लियाकडेच जातं. जहाजातून आलेली ही अनाथ मुलगी भोळी आहे की धूर्त, हे ती शेवटपर्यंत कळू देत नाही. मोह, भीती आणि कंटाळा एकाच चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक येऊन जातात, आणि त्यातलं काहीच खोटं वाटत नाही. पुढे अमेरिकेने तिला बोलावलं आणि दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘द सॉरोज ऑफ सेटन’मध्ये (1926) मोहिनीच्या साच्यात बसवलं. 1931 साली न्यूयॉर्कमध्ये घशात कोंबडीचं हाड अडकलं, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतरच्या आजारात ती गेली. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती.

घरच्यांना सोबत घेऊन बसणार असाल तर विल्मा. एकट्याने, रात्री, अभिनय पाहायला बसणार असाल तर लिया, आणि माझं मत विचाराल तर हीच आधी. फक्त ‘व्हारिएटे’ची प्रत नीट पाहून घ्या. अमेरिकेत दाखवताना सुरुवातीचा मोठा भाग कापला होता: नायक तिच्यासाठी बायको आणि तान्हं मूल सोडून जातो तेच गाळलं आणि तिलाच त्याची बायको करून टाकलं. हंबुर्गच्या जत्रेतले प्रसंग नसतील, तर ती प्रत बंद करा आणि दुसरी शोधा.