समुद्रकाठच्या रेकॉर्डिंग रिट्रीटचा रिव्ह्यू, खास आपल्या नागपूरच्या बँडवाल्यांसाठी

सदर-धरमपेठकडचे बरेच पोट्टे विचारून राह्यले की बाप्पा, अल्बम करायला थेट कोकणात कायले गेले, नागपुरात स्टुडिओ नाहीत का. आहेत, चांगले आहेत, आणि आमचं मिक्सिंग आता इथेच सुरू आहे. पण टेक, म्हणजे प्रत्यक्ष गाण्या-वाजवण्याचं रेकॉर्डिंग, तिथे घेतले ते योग्यच केलं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जागेचं नाव इथे टाकत नाही, कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि चालवणारी माणसं खरंच चांगली आहेत. ज्याला जायचंच आहे त्यानं मेसेज करा.

वेंगुर्ल्याच्या बाजूला जांभ्या दगडाचं जुनं घर आहे, वर कौलं, मागची मोठी पडवी बंद करून रेकॉर्डिंगची खोली केलीय. एका वेळी एकच ग्रुप घेतात. राहणं, जेवण, खोली आणि रेकॉर्डिस्ट सगळं एकाच पैशात. प्रत्येकी साधारण दोन लग्नाच्या प्रोग्रामची बिदागी गेली, माझ्या मते वाजवी आहे.

आता मुख्य गोष्ट. आमची गाणी नवी पण चाली खडी गंमत आणि दंडारीच्या, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लोकनाट्यांच्या वळणाच्या. ढोलकी, डफ, तुणतुणं, पेटी, सोबत गिटार आणि बेस. या गाण्यात मुख्य गाणारा ओळ टाकतो आणि मागचे झील धरतात, म्हणजे ती ओळ मागून उचलून गातात, आणि ती झील गाणाऱ्याच्या श्वासावर उचलायची असते, घड्याळावर नाही. तासाच्या हिशोबानं स्टुडिओ घेतला की काय होतं तुम्हाला माहीतच आहे, ढोलकीवाला दुपारी येऊन क्लिकवर, म्हणजे कानातल्या मशीनच्या ठोक्यावर, वाजवून जातो, गाणारी पुढच्या आठवड्यात येते, झीलवाले त्याच्याही नंतर हेडफोन लावून, आणि सगळं तालात असूनही गाणं मेल्यासारखं वाटते. कोकणात आम्ही क्लिक बंदच ठेवला. सगळे एका खोलीत, एकमेकांचे चेहरे दिसत. शेवटच्या कडव्याला लय आपोआप चढते ना, ती चढू दिली. रेकॉर्डिस्टनं झीलवाल्यांना अर्धगोलात उभं केलं, मध्ये एकच माइक, ज्याचा आवाज जास्त पुढे येत होता त्याला दोन पावलं मागे सरकवलं, बस. बॅलन्स तिथेच झाला, नंतर फेडर हलवून आवाज कमी-जास्त करायची गरज नाही. हे मी पहिल्यांदाच बघितलं आणि ते ऐकताना अंगावर काटा आला.

आणि कोणाला घरी जायचं नाही, हे फार मोठं आहे भाऊ. नागपुरात आठ वाजले की कोणाची ड्युटी, कोणाचं लग्नाचं बोलावणं. तिथे जेवण झालं की ओट्यावर बसून त्याच गाण्यावर भांडण, मग परत खोलीत. दोन गाण्यांची चाल अशीच रात्री बदलली आणि बदललेलीच चांगली झाली.

आता अडचणी. सगळ्यात मोठी म्हणजे दमट हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात चामडं इतकं ताणतं की उतरवावं लागते, तिथे उलटं. ढोलकी पेटीच्या काळी दोनला मिळवून टेक सुरू करा, अर्ध्या तासात चाटीचा, म्हणजे ढोलकीच्या चढ्या आवाजाच्या तोंडाचा, स्वर खाली. एसीनं हवा कोरडी राहते पण एसीचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून टेकच्या वेळी तो बंद, की ढोलकी परत उतरली. शेवटी आम्ही पद्धतच बसवली, एसी चालू ठेवून चहा, मग एसी बंद करून लगेच ढोलकीची गाणी, आणि संथ गाणी नंतर. डफ तर चुलीजवळ नेऊन तापवून आणायचो. कंडेन्सर माइकसुद्धा एकदा कुरकुरायला लागला. कोरड्या पेटीत माइक ठेवायची सोय त्या लोकांनी करायलाच पाहिजे, इतके पैसे घेता तर. तुम्ही जाणार असाल तर ओल शोषणारं सिलिका जेल भरपूर न्या, तारांचे जादा सेट न्या, गिटारच्या तारा बघता बघता गंजतात.

दुसरं, लाटांचा आवाज. मोठ्या आवाजाच्या गाण्यात कळत नाही, पण एकट्या गळ्याच्या हळू गाण्यात मागे सतत श्श ऐकू येते. खालची घरघर फिल्टर लावून कापता येते, पण लाटेचा आवाज वरपर्यंत पसरलेला असतो, गाणाऱ्याचे स आणि श ज्या पट्टीत असतात तिथेही तो असतोच, तो कापायला गेलं की गळाच पातळ होतो. म्हणून एकल गायन आम्ही नागपूरला येऊन केलं. तुम्हीही तसंच ठरवून जा.

तिसरं लाईट. तिथल्या काकांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, "पाऊस इलो काय लाईट जातली," आणि तसंच झालं. इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि माइक त्याला जोडणारा इंटरफेस चालतात, एसी नाही. दर टेकनंतर सेव्ह करून दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढायचीच.

समुद्राकाठी रेकॉर्डिंगचं वेड काही नवीन नाही म्हणा. बीटल्सचे प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन यांनी १९७९ मध्ये कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटावर स्टुडिओ काढला होता, जगातले मोठमोठे बँड तिथे राहून काम करून गेले, आणि १९८९ मध्ये ह्यूगो वादळानं तो उद्ध्वस्त केला. म्हणजे खारी हवा आणि वारा हे सगळीकडचंच दुखणं. म्हणूनच माइकच्या पेटीचा मी एवढा आग्रह धरून राह्यलो.

जेवण फर्स्ट क्लास. मासे खाणाऱ्यांची चंगळच, पण आमच्यातल्या शाकाहारी लोकांनाही काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, सोलकढी असं रोज वेगळं मिळालं. तर्रीची आठवण आली ती वेगळी गोष्ट.

जायला नागपूर-मडगाव स्पेशल चालू आहे का बघून पकडा, कुडाळला उतरा, पुढे गाडी ते पाठवतात. प्रवास लांबलचक आहे, ढोलकी आणि तुणतुणं वरच्या बर्थवर स्वतःजवळ ठेवा, सीटखाली ढकलू नका. पावसाळ्यात जाऊ नका, डिसेंबर-जानेवारी बघा, तेव्हा तिथली हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. आणि गाणी पाठ करून जा, तिथे जाऊन चाल बसवायला घेतली तर अर्धे पैसे त्यातच जातील. ज्यांचं सगळं काम लॅपटॉपवर एकट्यानं होते त्यांनी जायची काही गरज नाही, पण ज्यांच्याकडे झील धरणारे आहेत, कोरस आहे, भजनी मंडळ आहे, त्यांनी माइकच्या पेटीचं आधी फोनवर पक्कं करून बिनधास्त बुक करा.